रात्री आठ वाजता सिस्टर बदलल्या



मागच्या भागात आपण ऑन-कॉल ड्यूटीबद्दल बोललो होतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला तर कोण उठतं, ड्यूटी बदलताना आधीच्या माणसानं पुढच्याला काय सांगून जायला हवं, वगैरे. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेले होते की हँडओव्हर म्हणजे काय हे मी ऑफिसात नाही, एका लेबर रूममध्ये शिकले. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणजे नक्की काय झालं होतं? तर आजचा भाग त्यावर आहे.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. एक, यात बाळंतपण आहे, रक्त आहे, आणि कळा देणाऱ्या बाईला मारल्याचा प्रसंग आहे. नववा महिना चालू असेल आणि आत्ता हे ऐकायचं नसेल तर खुशाल बंद करा, नंतर कधीतरी ऐका. दोन, हे माझ्या ताईचं बाळंतपण आहे. तिला विचारूनच बोलतेय. मी काय बोलणार ते तिनं आधी वाचलं आणि दोन गोष्टी काढायला लावल्या. त्या काढल्यात.

जुलै 2022. ताईचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, मीही गावीच होते. गाव म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं ठिकाण. तिथलं सरकारी हॉस्पिटल बऱ्यापैकी चालतं, बाळंतपणाच्या डॉक्टर आहेत, गरज पडली तर सिझर होतं. ताईचं नाव तिथेच घातलेलं होतं. सकाळपासून कळा सुरू झाल्या, दुपारी पाणी गेलं, आम्ही रिक्षानं पोचलो.

दारात पहिला प्रश्न आला, बरोबर आत कोण येणार? एकीलाच सोडतो. आईचं बीपी आदल्या दिवसापासून चढलेलं आणि ती ताईच्या आधी रडायला लागलेली. दाजी पुरुष म्हणून बाहेर. राहिले मी. कागद भरणाऱ्या बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "लग्न झालंय का तुमचं? मूलबाळ?" मी म्हटलं, नाही. "मग तुम्ही काय करणार आत?" मला राग आला होता. नंतर कळलं की त्या अगदीच मनानं बोलत नव्हत्या. बाळंतपणात सोबतीला एक बाई आत सोडावी, हे केंद्र सरकारनं 2016 मध्ये सरकारी हॉस्पिटलांना सांगितलं. त्यात सोबतीण कशी असावी तेही दिलंय. तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं असावं, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी. आणि तिनं कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आत दुपारपाळीच्या सिस्टर होत्या. चाळिशीच्या असतील. त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर खुर्ची ओढून ताईच्या शेजारी बसल्या. एवढंच. हातात केसपेपर होता, पण बघत ताईकडे होत्या. नाव सांगितलं. म्हणाल्या, मी रात्री आठपर्यंत आहे. मग विचारलं, "पहिलंच का गं?" ताई हो म्हणाली आणि रडायला लागली.

खरं तर पहिलं नव्हतं. आधीच्या वर्षी पाचव्या महिन्यात एक गेलं होतं. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. कागदावर ते असणारच, दोन आकड्यांत. पण ताईनं ते तोंडानं पहिल्यांदा त्या सिस्टरांना सांगितलं. मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं की त्या वेळी ती हॉस्पिटलात एकटी होती आणि किती वेळ कुणी तिच्याकडे फिरकलंच नव्हतं. सिस्टर ऐकत होत्या. मधे कळ आली की थांबायच्या, हात धरायच्या, कळ गेली की "हं, मग?" म्हणायच्या.

आतून तपासायच्या आधी सांगायच्या, आता तपासणार आहे, दुखेल, श्वास सोड. तपासून झालं की काय कळलं ते सांगायच्या. चार सेंटीमीटर आहे, बाळाचे ठोके छान आहेत, अजून वेळ लागेल, घाबरायचं काही नाही. ताईला उताणं झोपू दिलं नाही. एक तर डाव्या कुशीवर, नाहीतर उठून चाल म्हणाल्या. आम्ही दोघी त्या कॉरिडॉरमध्ये चालत होतो. कळ आली की ताई खिडकीच्या गजाला धरून वाकायची, आणि मी तिच्या कमरेत, खाली माकडहाडाच्या वर, तळहातानं जोरात दाबायचं. हे मला त्याच सिस्टरांनी शिकवलं. माझा हात घेऊन बरोबर जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, "हळू नाही, जोर लाव, कणीक मळतात तसा." चहा प्यायला लावला. बिस्किटं खायला लावली.

यातलं जवळजवळ सगळं नंतर मला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींमध्ये सापडलं. कळा देताना बाईला हिंडूफिरू द्या, तिला सोयीची वाटेल ती स्थिती घेऊ द्या, धोका कमी असेल तर खाऊपिऊ द्या, तिच्या आवडीचं माणूस जवळ असू द्या, काय चाललंय ते तिला कळेल अशा भाषेत सांगा. उताणं झोपण्याला हरकत का, तर पोटाचं सगळं वजन पाठीच्या कण्याजवळून वर जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतं, आईचा रक्तदाब उतरतो, बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. आणि भीतीचाही संबंध आहे. कळा आणणारं ऑक्सिटोसिन शरीर स्वतः तयार करतं. बाई घाबरली की अॅड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. म्हणजे "घाबरू नकोस, मी आहे" हे वाक्य नुसतं गोड बोलणं नाही, ते कामच आहे.

याचा अभ्यासही झालाय. सतत सोबत असल्यानं काय फरक पडतो हे बघणारे 26 प्रयोग, 17 देश, पंधरा हजारांहून जास्त बायका, या सगळ्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेनं 2017 मध्ये काढला. ज्यांच्याजवळ कुणीतरी सतत होतं त्यांची बाळंतपणं थोडी लवकर झाली, सिझर कमी झाली, वेदनाशामकं कमी लागली, आणि नंतर "वाईट अनुभव होता" असं म्हणणाऱ्या कमी निघाल्या. औषध नाही, मशीन नाही. फक्त जवळ एक माणूस.

असो. संध्याकाळ अशी गेली. साडेसातला सहा सेंटीमीटर. आठला ड्यूटी बदलली.

हा हँडओव्हर मी माझ्या कानांनी ऐकला. दुपारच्या सिस्टर रात्रीच्या सिस्टरांना सांगत होत्या. तीन नंबरची पहिलटकरीण, सहा सेंटीमीटर, पाणी गेलंय, पाणी स्वच्छ, ठोके एकशे चाळीस, बीपी नॉर्मल. मग चार नंबर, मग एक नंबर. एकेका बाईला अर्धा मिनिट. चूक काहीच नव्हतं त्यात. पण ताईला काय झालं होतं, ती कशाला घाबरते, तिला हात धरलेला चालतो आणि डोक्यावरून हात फिरवलेला चालत नाही, कमरेत दाबलं की तिला बरं वाटतं, सहा तासांत जमलेलं हे सगळं पर्समध्ये टाकून त्या सिस्टर घरी गेल्या. कागदावर त्याला रकानाच नव्हता.

आमच्याकडे ऑफिसात हँडओव्हरच्या डॉक्युमेंटमध्ये "यापैकी काय नाजूक आहे" असा रकाना आहे. तो मीच टाकायला लावला. का, ते आता कळलं असेल.

रात्रीच्या सिस्टर वयानं लहान होत्या, माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठ्या. रात्रभर त्या आणि एक मावशी. कळा देणाऱ्या चार बायका, शिवाय शेजारच्या खोलीत बाळंत झालेल्या. डॉक्टर क्वार्टरमध्ये, फोन केला की येणार. त्या आल्या तेव्हापासून मी त्यांना बसलेलं बघितलं नाही. दर थोड्या वेळानं चार बायकांच्या पोटावर डॉपलर लावून ठोके ऐकायचे, बीपी घ्यायचं, लिहायचं, सलाईन बदलायचं, मधे दार वाजलं की नवी केस. आल्या आल्या त्यांनी ताईला टेबलावर घेतलं आणि उताणं झोपवलं. म्हणाल्या, फिरायचं नाही आता, मला सगळ्या एका जागी दिसायला पाहिजेत. मी काही बोलले नाही.

एकच्या सुमारास एक नंबरची बाई बाळंत झाली. वार पडली आणि मग रक्त थांबेना. मी पडद्याच्या या बाजूला होते, पण पडदा कसला, अर्धाच होता. त्या सिस्टरांचा आवाज एका क्षणात बदलला. एक हात बाईच्या पोटावर, गर्भाशय जोरजोरात चोळतायत, दुसऱ्या हातानं मावशीला ट्रे दाखवतायत, तोंडानं सांगतायत, हे इंजेक्शन भर, ते सलाईन लाव, मॅडमना फोन लाव, रक्तपेढीला सांग. बाईच्या सासूला म्हणाल्या, "आजी, तुम्ही तिचं डोकं धरा आणि तिच्याशी बोलत राहा, तिला झोपू देऊ नका." डॉक्टर धावत आल्या. रक्त थांबायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, मला तासभर वाटला. ती बाई वाचली. भारतात बाळंतपणात बायका दगावण्याच्या मोठ्या कारणांमध्ये हा रक्तस्राव आहे, आणि तो ज्या पहिल्या काही मिनिटांत आवरावा लागतो त्या मिनिटांत तिथे फक्त ही एक सिस्टर होती. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. पुढचं ऐकताना तुम्ही हे विसरू नये म्हणून.

सव्वादोनला त्या आमच्याकडे आल्या. हातमोजे बदललेले, पण बाहीवर रक्त तसंच होतं. तपासलं, पूर्ण उघडलं होतं. "चल, जोर लाव." ताईला कळ आली की ती ओरडायची, म्हणजे अगदी घशातून, आणि पाय जवळ घ्यायची. सिस्टर म्हणाल्या, तोंड बंद, ओरडण्यात ताकद घालवू नकोस, खाली जोर दे. तीनचार वेळा नीट सांगितलं. मग आवाज चढला. मग ते वाक्य आलं. तुमच्यापैकी ज्या ज्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्या असतील त्यांतल्या कितीतरी जणींनी ते ऐकलं असेल. "नवऱ्याजवळ जाताना नाही आरडलीस, आता कशाला आरडतेस?" मावशी हसली. ताईनं परत पाय जवळ घेतले, आणि सिस्टरांनी तिच्या मांडीवर आतल्या बाजूला फाडकन मारलं. एकदा, आणि लगेच परत.

आणि मी काय केलं सांगू? मी ताईच्या कानाशी वाकून म्हणाले, "ताई, गप बस ना. ऐक त्यांचं. त्या चिडतायत."

मी बीटेक झालेली, पुण्यात नोकरी करणारी, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मॅनेजरला तोंडावर "हे चुकतंय" म्हणणारी. त्या खोलीत माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, की सिस्टर आपल्यावर नाराज होता कामा नये. कारण त्या नाराज झाल्या आणि मघासारखं रक्त सुरू झालं तर?

मग मावशी स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी वरून पोट दाबलं. हेही करू नये असं त्याच 2018 च्या शिफारशींमध्ये आहे. वरून पोट दाबून बाळ ढकलू नका, सरसकट सगळ्यांना छेद देऊ नका, आणि बाईला तिची स्वतःची कळ येईल तसा जोर लावू द्या. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. तीन वाजून दहा मिनिटांनी भाचा झाला. दोन किलो आठशे. लगेच रडला. सिस्टरांनी त्याला पुसून ताईच्या छातीवर ठेवला, तेव्हा त्या जरा हसल्याही. म्हणाल्या, "बघ, झालं का नाही? उगाच घाबरत होतीस."

सकाळी आम्ही त्यांना पेढे दिले. मीच दिले. थँक यू म्हणाले.

आता थोडं बाजूला जाऊन बोलते. माझी एक शाळेतली मैत्रीण जीएनएम करून दुसऱ्या जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ती एक तर त्या सिस्टरांची बाजू घेईल किंवा माझी. तिनं दोन्ही केलं नाही. म्हणाली, "मारणं चूक. पण आम्हाला ते कुणी शिकवत नाही आणि सगळे शिकवतात." विद्यार्थिनी म्हणून लेबर रूमला लागलं की सीनिअर काय करतात ते बघायचं. बाळ अडकलं, गुदमरलं, की पहिला जाब सिस्टरला. नातेवाईक तिलाच धरतात, चौकशी तिचीच. म्हणून त्या शेवटच्या वीस मिनिटांत ती जास्तीत जास्त घाबरलेली असते, आणि तिची भीती रागासारखी दिसते. "आणि जी ओरडते तिची डिलिव्हरी लवकर होते असं आमच्यात मानतात," असंही म्हणाली. मी विचारलं, "जी म्हणजे बाई का सिस्टर?" "सिस्टर गं!"

त्या शेवटच्या वेळेबद्दल तिनं सांगितलेलं मला एका अभ्यासातही सापडलं. घाना, गिनी आणि नायजेरिया या देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं संशोधक लेबर रूममध्ये थांबून काय होतं ते नोंदवत होते. 2019 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. मारणं आणि अपमान करणं सर्वांत जास्त कधी होतं, तर बाळ जन्मायच्या आधीच्या अर्ध्या तासापासून नंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत. आणि सर्वांत जास्त कुणाच्या वाट्याला येतं, तर लहान वयाच्या आणि कमी शिकलेल्या बायकांच्या. देश वेगळे आहेत. पण सव्वादोन ते तीन दहा ही वेळ मला त्यात बरोबर बसलेली दिसली.

आपल्याकडे सगळा जोर बाईला हॉस्पिटलपर्यंत आणण्यावर होता, आणि तो कामी आला, यात शंका नाही. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. तेव्हा देशात शंभरातल्या 39 च्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, 2019-21 च्या पाहणीत ती 89 च्या आसपास पोचली. महाराष्ट्रात जवळजवळ 95. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं घरी झाली, त्यातली दोन मुलं राहिली नाहीत. त्यामुळे "पूर्वीचंच बरं होतं" वगैरे मी म्हणणार नाही. पण तेवढ्याच खोल्यांत बायका वाढल्या, आणि रात्रपाळीला सिस्टर एकच राहिली. 2017 च्या डिसेंबरात "लक्ष्य" नावाचा कार्यक्रम आला, लेबर रूम सुधारण्यासाठी. पडदे, प्रशिक्षण, सन्मानानं वागवणं, सोबतीण, सगळं त्यात आहे. आमच्या त्या हॉस्पिटलच्या भिंतीवर त्याचं पोस्टरही होतं. टेबलाच्या समोरच.

माझं स्वतःचं बाळंतपण 2024 मध्ये पुण्यात, खाजगी हॉस्पिटलमध्ये झालं. मी ठरवलंच होतं, पैसे गेले तरी चालतील, मला ओरडणारं कुणी नको. आणि कुणी ओरडलं नाही. सगळ्या सिस्टर "मॅम" म्हणायच्या. पोटाला ठोक्यांचा पट्टा बांधला, कळांचं सलाईन लावलं, आणि पुढचे सात तास दर थोड्या वेळानं एक सिस्टर यायची, मशीनमधून निघणारा कागद बघायची आणि जायची. माझ्याकडे नाही, कागदाकडे. मी विचारलं, कुशीवर होऊ का? "मॅम, ग्राफ बिघडतो." पाणी? "मॅम, डॉक्टरना विचारून सांगते." सांगितलं नाही. ग्राफमध्ये काय दिसतंय? "मॅम, सर राउंडला आले की सांगतील."

माझं कामच मॉनिटरिंगचं असल्यामुळे मला त्या मशीनची गंमत वाटली. सतत बघत राहिलं की सतत काहीतरी दिसतं. आमच्याकडे फुकटचे अलार्म वाजून वाजून माणसं खऱ्या अलार्मलाही दाद देत नाहीत. इथे उलटं, प्रत्येक अलार्म खरा मानावा लागतो. धोका कमी असलेल्या बायकांना हा पट्टा सतत लावण्यापेक्षा ठरावीक वेळानं ठोके ऐकावेत अशी शिफारस आहे, कळा वाढल्यावर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि शेवटी दर पाच मिनिटांनी. कारण सतत पट्टा लावल्यानं सिझर वाढतात. बाळांना येणारे झटके कमी होतात, हे खरं, पण दगावणाऱ्या बाळांच्या संख्येत फरक दिसत नाही. मला कळांचं सलाईन चालू होतं, त्यामुळे माझ्या बाबतीत पट्टा हवाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण पट्टा असतानाही कुशीवर झोपता येतं, कॉटला धरून उभंही राहता येतं. पट्टा सरकला तर कुणीतरी येऊन तो नीट करावा लागतो, एवढंच. कुणीतरी येऊन.

शेवटी ठोके उतरले म्हणून सिझर झालं. मुलगी चांगली आहे. त्या दिवसातलं एकच माणूस मला चेहऱ्यासकट आठवतं. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. पाठीत इंजेक्शन देताना वाकून बसावं लागतं आणि हलायचं नसतं, आणि मला तेव्हा कळ आली. तिनं मला समोरून घट्ट धरलं, म्हणाली, "डोकं ठेव माझ्या खांद्यावर, ठेव, मी नाही सोडत." मॅम नाही, एकेरीत. त्या दोन मिनिटांसाठी मी तिची आजन्म ऋणी आहे.

बाळंतपणानंतर ताई पंधरा दिवस माझ्याकडे होती. एका रात्री मुलीला पाजताना मी माझ्या हॉस्पिटलला नावं ठेवत होते. म्हटलं, निदान तुझ्यासारखं मारलं तरी नाही. ताई लंगोटांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "ते मारलेलं मला नीट आठवतही नाही गं. तू म्हणालीस ना, गप बस, ते आठवतं. मला वाटलं, आता या खोलीत आपल्या बाजूचं कुणी नाही."

ती रागावून नाही म्हणाली. घड्या घालता घालताच म्हणाली.

दोन वर्षं मी ती गोष्ट लोकांना "आमच्याकडच्या नर्सेस बघा कशा" म्हणून सांगत होते. त्या गोष्टीत मी फक्त बघणारी होते. ताईच्या गोष्टीत मी नव्हते बघणारी. सोबतीण म्हणून मला आत सोडलं ते तिच्यासाठी, आणि मी ड्यूटी केली सिस्टरांची. सरकारी नियमात लिहिलंय ना, कामात ढवळाढवळ करायची नाही. मीही मनात तेच धरलं होतं. पण कमरेत दाबत राहणं ही ढवळाढवळ नव्हती. "सिस्टर, ती घाबरलीय, तिचं आधी एक गेलंय" एवढं सांगणं ही ढवळाढवळ नव्हती. रात्री आठ वाजता हँडओव्हरमध्ये जे राहून गेलं ते माहीत असलेलं त्या खोलीत एकच माणूस होतं. मी.

ते सांगितलं असतं तर त्यांनी मारलं नसतं का? सांगता येत नाही. बाहीवर रक्त घेऊन आलेल्या, सहा तास उभ्या असलेल्या बाईनं कदाचित मलाच बाहेर काढलं असतं. पण ताईला ऐकू तरी आलं असतं.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली, ती सांगते. कळांची नोंद ठेवायचा जो तक्ता असतो, पार्टोग्राफ, त्याच्या जागी जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या शेवटी नवा तक्ता काढला. त्यात बाळाचे ठोके, आईचं बीपी, तोंड किती उघडलं, हे सगळं आहेच. पण त्याच्या वर, म्हणजे ठोक्यांच्याही आधी, चार ओळी आहेत. सोबत कुणी आहे का. वेदना कमी करायला काही दिलं का. तोंडानं पाणी-पेय घेतेय का. कोणत्या स्थितीत आहे. आणि सोबत "नाही", किंवा बाई "उताणी", असं भरलं की ती नोंद धोक्याचा इशारा धरली जाते, जसा वाढलेला रक्तदाब धरला जातो. दुपारच्या सिस्टर जे मनानं करत होत्या आणि जे आठ वाजता त्यांच्याबरोबर घरी गेलं, त्यातल्या चार गोष्टींना तरी या तक्त्यात जागा आहे. अर्थात चार बायकांचे चार तक्ते रात्री एकटीनं भरायचे असतील तर काय होईल, ते मला माझ्या मैत्रिणीनं हसत हसत सांगितलंय. सकाळी एकदम भरतात.

ताईला परत दिवस गेलेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे. दुसरं असल्यामुळे खरं तर सासरीच व्हायला हवं होतं, पण ती माहेरी येतेय, त्याच हॉस्पिटलमध्ये नाव घातलंय. मी म्हटलं, पुण्याला ये, खर्च मी करते. म्हणाली, नको, तिथे रक्त थांबवता येतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. दुपारच्या सिस्टर अजून तिथेच आहेत म्हणे. रात्रीच्या बदली होऊन गेल्या.

यावेळी आत जाणारी मीच आहे, आणि मूलबाळ आहे का विचारलं तर आता सांगायला आहे. आम्ही दोघींनी फोनवर बसून एक कागद तयार केलाय, केसपेपरला लावायला. अर्धं पान, मराठीत. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्याच्या वेळी काय झालं, ते फक्त एका ओळीत, कुणाचं नाव न घेता. उताणं झोपवू नका, कुशीवर चालेल. तपासायच्या आधी सांगा. ड्यूटी बदलली की मी स्वतः नव्या सिस्टरांना तो वाचून दाखवणार, आणि त्याआधी त्यांना विचारणार की तुम्ही चहा घेतलाय का. ताई म्हणाली, सगळं ठीक आहे, पण कमरेत दाबायचा सराव कर, मागच्या वेळी रात्री तुझा हात ढिला पडला होता.

त्यामुळे पुढचा भाग केव्हा येईल ते सांगता येत नाही. रजा टाकलीय, लॅपटॉप नेणार नाहीये. तुमच्यापैकी कुणी सोबतीण म्हणून आत गेल्या असाल, किंवा कुणी सिस्टर हे ऐकत असाल, तर मला लिहा. सिस्टरांनी तर नक्की लिहा, नाव नको असेल तर नाव घेणार नाही. चला, मुलगी उठली.